हवा भरेपर्यंत

सर्जेरावांचा दिवस ट्रकला एक फेरी घालून सुरू होई. डाव्या पुढच्या चाकापासून निघायचे आणि उजव्या पुढच्या चाकाशी थांबायचे, कधी उलटे नाही. हातात जॅकचा दांडा असे. त्याने प्रत्येक टायरवर एक ठोका मारायचा. टायरमध्ये हवा पुरेशी असली की आवाज टणक येतो, कमी असली की मऊ, हे मला त्यांनीच सांगितले. मागच्या बाजूला चाकांच्या जोड्या असतात आणि आतले चाक दिसत नाही, म्हणून तिथे ते खाली वाकून ठोका मारत. जोडीच्या फटीत दगड अडकला नाही ना, हेही पाहात. असा दगड धावत्या गाडीतून सुटला तर मागून येणाऱ्या स्कूटरवाल्याच्या तोंडावर बसतो. मग इंजिनातले तेल, रेडिएटरचे पाणी, मागचा फाळका धरणाऱ्या कड्या. हे सगळे झाल्यावर ते वर चढत आणि किल्ली फिरवत.

आणि गाडी जागेवरून हलवत नसत.

हे न हलणे आमच्या सोसायटीला फार लागले होते. इंजिन धडधडत उभे, धूर चाललेला, आणि सर्जेराव स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोरच्या एका छोट्या तबकडीकडे पाहात बसलेले. त्या तबकडीत एक सुई होती. तिने लाल पट्टा सोडून हिरव्यात यायला आठ-दहा मिनिटे लागत. सुई हिरव्यात आली की ते गाडी हातभर मागे घेत, ब्रेक दाबून पाहात, आणि मगच चाकाखालचा दगड उचलायला उतरत. दगड उचलून सीटमागे ठेवला की निघाले.

सर्जेराव मूळचे वारज्याचेच. आमची चंद्रभागा सोसायटी उभी आहे ती जमीन त्यांच्या वडिलांची आणि चुलत्यांची. तिथे पूर्वी ज्वारी आणि हरभरा होत असे. मी नारायण पेठेतल्या शाळेतून निवृत्त होऊन पंचाण्णव साली इथे राहायला आले, तेव्हा गाव अजून महापालिकेत गेले नव्हते. नंतर गेले. रस्ते आखले गेले आणि त्या आखणीत सर्जेरावांच्या वाट्याची एक तिकोनी पट्टी आमच्या भिंतीलगत उरली. घर बांधण्याएवढी ती नव्हती आणि पिकवण्याएवढीही नव्हती, पण एक ट्रक तिथे नीट मावत असे. पुढचे टोक उताराकडे. हा उतार टेकडीच्या बाजूने सुरू होऊन मोठ्या रस्त्याला मिळतो, शंभर-सव्वाशे पावलांचा असेल.

ट्रक हाच त्यांचा धंदा होता. मुरूम, वाळू, खडी. हिंजवडीकडे इमारती उठू लागल्या होत्या आणि त्यांना हे सगळे लागत होते. सकाळी आठनंतर अवजड गाड्यांना मोठ्या रस्त्यावर बंदी असे, म्हणून साडेसहा-पावणेसातला निघणे त्यांना भाग होते.

गाडी ते शिकले दत्तोबा नावाच्या एका उस्तादाकडे, कात्रजच्या घाटात. दत्तोबांनी पहिले सहा महिने त्यांना स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. फक्त फेरी घालायला लावली. घाट ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचा, हाही धडा तिथलाच. डिझेल वाचवायला बाकीचे लोक गिअर काढून उतरत. सर्जेरावांनी ते कधी केले नाही. अशा उतरणाऱ्या दोघांची नावे ते सांगत, आणि ते दोघे कुठल्या वळणावर गेले तेही. सत्तावीस वर्षांत त्यांच्या गाडीने कुणाला ओरखडा काढला नव्हता. याचा त्यांना अभिमान होता, पण तो ते स्वतः बोलून दाखवत नसत. सरुबाई, त्यांची पत्नी, बोलून दाखवत.

त्यांचा पहिला ट्रक जुना होता. त्याची बॅटरी नेहमी मरतुकडी. त्यामुळे तो उतारावर लावायचा, सकाळी दगड काढायचा, गाडी आपल्या वजनाने खाली निघाली की दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडायचा, की इंजिन घेई. गावाकडच्या सगळ्याच गाड्या तेव्हा अशा सुरू होत. मी ते रोज गॅलरीतून पाहात असे. एवढा मोठा ट्रक आवाज न करता भिंतीशेजारून खाली सरकताना पाहायला मजा वाटे. तळाशी गेल्यावर तो खोकून जागा होई, आणि तोवर तो आमच्या खिडक्यांपासून लांब गेलेला असे.

नव्व्याण्णव साली त्यांनी दुसरा ट्रक घेतला. तोही वापरलेलाच, पण मोठा, हवेच्या ब्रेकचा. जुन्या गाडीचे ब्रेक तेलावर चालत. इंजिन बंद असले तरी पाय जोरात दाबला की चाक धरले जाई. नव्या गाडीत चाके धरायचे काम दाबलेली हवा करते, आणि ती हवा इंजिन चालू असतानाच टाकीत भरते. रात्रभरात ती थोडी थोडी निसटून सकाळी टाकी रिकामी झालेली असे. हँडब्रेक होता, पण तो उभी गाडी धरून ठेवण्यापुरता. म्हणून ती आठ-दहा मिनिटे.

हे सगळे मला पुढे समजले. दोन हजार एकच्या जानेवारीत ठाऊक नव्हते.

त्या वर्षापर्यंत आमच्या सोसायटीत अर्धे बिऱ्हाडकरू नवे झाले होते. दुसऱ्या मजल्यावर दिग्विजय आणि पूर्णिमा राहायला आले होते. ती दोघे अकोल्याकडची. तो हिंजवडीच्या एका कंपनीत होता, त्याला न्यायला सकाळी बस येई. पूर्णिमाला नुकतेच बाळ झाले होते आणि त्यांची झोपायची खोली नेमकी त्या तिकोनी पट्टीवर होती. बाळ रात्री जागे आणि पहाटे झोपे. ते झोपले की अर्ध्या तासात ट्रक सुरू होई. पूर्णिमाचा चेहरा उतरत चालला होता. दिग्विजय एकदा खाली जाऊन बोलून आला. सर्जेराव त्याला म्हणाले, हवा भरतोय. दिग्विजयला वाटले, टायरमध्ये. त्याने विचारले, मग पेट्रोलपंपावर भरत जा ना. सर्जेराव हसले, आणि ते हसणे त्याच्या मनाला लागले.

कमिटीची बैठक झाली. महापालिकेला अर्ज करून ट्रक तिथून काढायला लावायचा, असे ठरत आले. जागा सर्जेरावांची असली तरी निवासी भागात अवजड वाहन उभे करता येत नाही, असा नियम कुणीतरी काढला होता. ट्रक गेला असता तर त्यांना जवळपास कुठेही लावता आला नसता. आजूबाजूला एव्हाना सगळीकडे सोसायट्याच होत्या. मी कमिटीची चिटणीस होते. मी म्हटले, अर्ज करण्याआधी मी एकदा बोलून पाहते. त्यांची मुलगी शेफाली माझ्याकडे गणिताला येत असे आणि सर्जेराव मला मान देत. याचा उपयोग होईल असे मला वाटले.

मी संध्याकाळी गेले. सरुबाईंनी चहा ठेवला. मी सर्जेरावांना अडचण सांगितली, बाळाचे सांगितले, अर्जाचेही सांगितले. मग मला जे फार शहाणपणाचे वाटत होते ते मी बोलले.

"पूर्वीच्या गाडीला तुम्ही नुसता दगड काढायचात. गाडी खाली जायची आणि खाली गेल्यावर सुरू व्हायची. तसं नाही का करता येणार? खाली मोठ्या रस्त्याला कितीही वेळ उभे राहा."

त्यांनी बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "बगतो, बाई."

मी एकतीस वर्षे नारायण पेठेत काढली. तिथे कुणी 'बघतो' म्हणाले की काम होणार नाही हे समजून आपण चप्पल घालायची असते. मी घरी आले आणि अध्यक्षांना कळवले की ते नाही म्हणाले, पण सभ्यपणे म्हणाले. अध्यक्ष म्हणाले, सभ्यपणाचं काय लोणचं घालायचंय? अर्जाचा मसुदा करा. मी मसुदा करायला घेतला.

वारज्यातल्या जुन्या घरांत 'बघतो' या शब्दाचा अर्थ वेगळा होता. तिथे नाही म्हणायचे असले तर नाही म्हणत, आणि बघतो म्हटले की माणूस खरोखर बघायला लागे.

पुढचे दोन दिवस सर्जेरावांनी कामाला दांडी मारली. ट्रकखाली चटई टाकून ते झोपून होते. साबणाचे पाणी करून प्रत्येक सांध्यावर फासायचे, बुडबुडे कुठे येतात ते पाहायचे, आणि तिथली नळी बदलायची. रात्रभरात हवा निसटते ती निसटूच द्यायची नाही, असा त्यांचा बेत होता. संध्याकाळी टाकी गच्च भरून ठेवली तर सकाळी निम्मी तरी उरेल. निम्म्या हवेवर चार-पाच वेळा ब्रेक दाबता येतो. सव्वाशे पावलांच्या उताराला एवढे पुरावे. मी हे सगळे गॅलरीतून पाहिले, आणि गाडी बिघडलेली दिसते असे समजले.

तिसऱ्या दिवशी सकाळी आवाज आला नाही. चौथ्या दिवशीही नाही. पूर्णिमा मला जिन्यात भेटली आणि म्हणाली, "बाई, बाळ साडेआठपर्यंत झोपलं. ट्रकचा आवाज दुरुस्त करून घेतला वाटतं काकांनी." मीही तसेच धरून चालले.

पाचव्या दिवशी कडाक्याची थंडी होती. मी दूध घेऊन उतार चढत होते. दिग्विजयच्या कंपनीची बस येऊन तळाशी मागेपुढे करत होती आणि सात-आठ जण गळ्यात ओळखपत्रे घालून कडेला उभे होते. दिग्विजय त्यांच्यातच होता. वरून ट्रक येताना मला दिसला. तो आवाज न करता येत होता आणि मला, खरे सांगायचे तर, आधी बरेच वाटले. पूर्वीचे दिवस आठवले.

नुकताच आम्ही मुलांच्या सोयीसाठी उताराच्या मध्यावर एक गतिरोधक करवून घेतला होता. तिथे सर्जेरावांनी ब्रेक दाबला. पुढे आमच्या फाटकातून पेपरवाल्याची स्कूटर न पाहता बाहेर आली. तिथे पुन्हा दाबला, आणि तो निघून जाईपर्यंत दाबून, सोडून, दाबून धरला. थंडीने म्हणा, एखादा सांधा राहून गेला म्हणून म्हणा, त्या दिवशी हवा मुळातच कमी उरलेली होती. आता बस आडवी होती. त्यांनी क्लच सोडला. इंजिनाने दोन आचके दिले आणि घेतले नाही. मग त्यांनी ब्रेकवर पाय दिला आणि पाय तळाला गेला.

ते हॉर्न वाजवत होते, पण उभे असलेले लोक बसकडे पाहात होते. मी मात्र सर्जेरावांच्या तोंडाकडे पाहात होते. ते ओरडत नव्हते. इंजिन बंद असले की त्या गाडीचे स्टिअरिंग दगडासारखे जड होते. ते सीटवरून अर्धे उठून दोन्ही हातांनी ते डावीकडे ओढत होते. डाव्या हाताला मोकळा प्लॉट होता आणि त्यात त्यांनीच मागच्या आठवड्यात ओतलेला मुरमाचा ढीग. ट्रक त्यात दिव्यांपर्यंत शिरला आणि थांबला. बसपासून पाच-सहा पावलांवर.

कुणाला काही झाले नाही. एकाची डब्याची पिशवी पडली, एवढेच.

सर्जेराव खाली उतरले. त्यांनी आधी सीटमागचा दगड काढून मागच्या चाकाखाली बसवला, पायाने ठोकून पाहिला. मग लोकांकडे वळले. दिग्विजय पुढे आला.

"काका, ब्रेक फेल झाले का?"

"ब्रेक चांगलं हायेत. हवा न्हवती." मग ते म्हणाले, "आन मला ठावं हुतं, की न्हवती."

दिवसभर सोसायटीत दुसरा विषय नव्हता. आता अर्ज नको, थेट पोलिसांत तक्रार करू, असे लोक म्हणू लागले. दुपारी मी सर्जेरावांकडे गेले. ते आत निजले होते. सरुबाईंनी मला बाहेरच बसवले आणि सगळे सांगितले. साबणाचे पाणी, नळ्या, दोन दिवसांची चटई. "माझ्या भावाच्या घरभरणीला चला म्हणलं, तर गाडी सोडून यायला जमत न्हाई म्हणाले. तुमी एक डाव बोलला, तर दोन दिस गाडीखाली काढले," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता. "बाईंनी सांगितलंय म्हणाले. शिकलेल्या बाई, काय इचार करूनच सांगितलं आसंल."

मी काही विचार करून सांगितले नव्हते. मला एक जुने चांगले दृश्य आठवले होते आणि मी ते सांगितले होते.

रविवारी बैठक झाली, आणि सर्जेरावांना बोलावले. ते पांढरा शर्ट घालून आले आणि दाराशीच उभे राहिले. बसा म्हटले तरी बसले नाहीत. ट्रक हलवावा, असे जवळजवळ सगळ्यांचेच मत होते. गाडी तशीच खाली सोडण्याची सूचना माझी होती, ती का धोक्याची आहे हे मी विचारले नव्हते, आणि त्यांचे 'बघतो' मी चुकीचे वाचले, हे मी उभे राहून सांगितले. इतिवृत्तातही ते लिहिले. अध्यक्ष म्हणाले, बाई, तुम्ही सांगितलंत म्हणून काय झालं, चालवणाऱ्याला कळत नाही का? त्यावर सर्जेराव म्हणाले की साहेब बरोबर बोलतात. चूक बाईंची नाही. त्या वेळी आपण नाही म्हणायला हवे होते. बाईंना नाही कसे म्हणायचे, या विचारात आपण तीन सकाळी माणसांच्या अंगावर गाडी सोडली.

मग दिग्विजयने विचारले की ही हवा भरते म्हणजे नेमके काय होते. त्याला उत्तर समजले नसावे, कारण तो उठला आणि म्हणाला, दाखवता का? सगळी बैठक उठून खाली गेली. ट्रक पट्टीवर परत आणून लावला होता, सगळ्या चाकांना दगड. दिग्विजय चालकाच्या जागी बसला. सर्जेरावांनी त्याला इंजिन बंद असतानाच ब्रेक दाबायला सांगितला. त्याने दाबला. पुन्हा दाबला. आम्ही खाली उभे राहून त्याचे तोंड पाहात होतो. इतक्या मोठ्या गाडीत पायाखाली काहीच नाही, हे त्याला तिथे बसल्यावर कळले. मग इंजिन सुरू केले आणि त्याने घड्याळ लावले. पूर्णिमा बाळाला घेऊन वरच्या खिडकीत उभी होती. बाळ रडत होते.

नऊ मिनिटे लागली. दिग्विजय उतरला तो थेट वर गेला. अर्ध्या तासाने पुन्हा खाली आला आणि म्हणाला की आम्ही झोपायची खोली बदलतो. मागची खोली लहान आहे, पण पाळणा मावतो. अर्जावर आमची सही नको. पूर्णिमालाही तेच वाटते. ती म्हणाली की ट्रक कसा सुटला ते आमच्या खिडकीतून तिने पाहिले होते, आणि रस्त्यावर कोण उभे आहे तेही.

तक्रार त्यांचीच होती, ती मागे घेतल्यावर बाकीच्यांना बोलायला फारसे उरले नाही. अध्यक्षांनी मला ठराव लिहायला सांगितला. मी लिहून मोठ्याने वाचला: सर्जेराव यांनी आपला ट्रक सकाळी साडेसहानंतर जागेवर दहा मिनिटांपर्यंत सुरू ठेवण्यास सोसायटीची हरकत नाही.

सर्जेराव सहीला पुढे आले. त्यांनी पेन घेतले, कागद पाहिला आणि पेन खाली ठेवले.

"न्हाई, बाई."

मी विचारले, काय नाही?

"धा मिनिटं न्हाई चालायचं. आज ऊन हाय, नऊ लागली. थंडीत बारा लागत्यात, कदी चौदा. धावर गाडी काडा म्हणलं, तर परत तेच व्हणार." पुढच्या वाक्याला त्यांनी मान खाली घातली, पण वाक्य पूर्ण केले. "असं लिवलं तर मी सही करणार न्हाई. गाडी दुसरीकडं लावंन."

अध्यक्ष मला म्हणाले, आता हे आपल्याला अटी घालणार. मी त्यांना थांबवले. दहाचा आकडा खोडला आणि त्या जागी 'ब्रेकची हवा पूर्ण भरेपर्यंत' असे लिहिले. खाडाखोडीवर माझी सही केली. सर्जेरावांनी ते दोनदा वाचले, ओठ हलवत, आणि मग खाली आपली सही केली. ठळक, शाळेत शिकवतात तशी, प्रत्येक अक्षर सुटे.